पंख्यावरचं स्वस्तिक

बुलडाण्याच्या बसस्टँडजवळ एक कॉम्प्युटरचं दुकान आहे. परवा मोबाईलची काच बदलायला तिथे गेले, तर दुकानदाराने काउंटरवर कॉम्प्युटरची एक पेटी मांडून ठेवली होती. पेटीची एक बाजू काचेची, आणि आत लाल, निळे, जांभळे पंखे गणपतीच्या मांडवातल्या माळांसारखे लुकलुकत होते. मी विचारलं, "हवा चांगली फेकतात का?" तो म्हणाला, "मावशी, तुम्ही आधी लुक पाहा ना." पाहिला. पंख्याने हवा फेकावी ही अपेक्षा आता जुनाट झाली असावी. दुकानदाराला वाटलं मावशीला काही कळत नाही, म्हणून त्याने मला पंखा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं, कारण काच अजून बसायची होती.

ज्या पंख्यापायी माझी नोकरी गेली तो काळा होता, तळहाताएवढा. कॉम्प्युटरच्या, म्हणजे आमच्या भाषेत मशीनच्या, पाठीमागे बसवलेला, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा लोकांनी तो बुजवला.

तालुक्यात कॉम्प्युटर दुर्मीळ होता त्या वेळी मी देऊळघाटला भावाच्या घरी राहत होते. नवऱ्याने टाकलेली बाई भावाच्या घरी कशी राहते ते सांगायला नको. टाईपिंग येत होतं, अकोल्याला जाऊन कॉम्प्युटरचा छोटा कोर्स केला होता, आणि त्या जोरावर मोताळ्याच्या एका बीजोत्पादक शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत ऑपरेटर म्हणून लागले होते. तात्पुरती. रोज सकाळी देऊळघाटहून बुलडाणा, तिथून दुसरी एसटी धरून राजूर घाट उतरून मोताळा, आणि संध्याकाळी तेच उलटं. पगाराचं जाऊ द्या, अर्धा जीव एसटीतच जायचा. पण अध्यक्षांनी शब्द दिला होता, की दसऱ्याच्या सभेत मशीन सगळ्या सभासदांसमोर नीट चाललं की बाईला कायम करू. कायम झाले असते तर मोताळ्यात खोली घेता आली असती. खोली मी पाहूनही ठेवली होती, बाजाराच्या मागच्या गल्लीत, नळ दारात, मालकीण विधवा आणि कमी बोलणारी. स्वतःच्या कुलपाची खोली. त्या वयात मला दुसरं काहीही नको होतं.

घरी वहिनी होती. ती वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तिची जीभ आणि माझी जीभ एकाच सहाणेवर घासलेल्या. मी ऑफिसातून आले की ती म्हणायची, "आल्या का साहेब? पोळ्या लाटाले मशीन कधी येऊन राह्यली?" मी म्हणायचे, "तुझ्या हातची पोळी पाहून मशीन पळून गेली." असं आमचं चालायचं. भाऊ मधे बसून मुकाट्याने जेवायचा. मी गेले असते तर तिलाही घर मोकळं झालं असतं, हे ती लपवत नव्हती, आणि मलाही ते लागत नव्हतं.

आता अध्यक्ष. हा माणूस गावातला मोठा जमीनदार, पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि डोक्यातही साधारण तसंच पांढरं. दुसऱ्या तालुक्यातल्या संस्थेत त्याने कॉम्प्युटर पाहिला आणि त्याची झोप उडाली. तो कशाला लागतो हे त्याने विचारलं नाही. त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, एवढं कळलं, आणि संचालक मंडळात ठराव झाला. मशीन अकोल्याहून जीपमधून आलं तेव्हा गावाच्या वेशीपासून बाजा लावला होता. मी खोटं सांगत नाही. बाजेवाल्यांनी लग्नातली गाणी वाजवली, जीपपुढे पोरं नाचली, आणि खोक्यातली ती पेटी नव्या नवरीसारखी संस्थेच्या पायरीवर उतरवून तिला ओवाळलं. मग मॅनेजरने मला हळूच विचारलं, "ताई, हे चालू कुठून होते?"

मशीनसाठी वेगळी खोली केली. जमिनीवर लाल जाजम, दाराला पडदा, दारात पाटी की पादत्राणे बाहेर काढावीत. खोलीत हवा खेळायला काही करा असं मी म्हटलं, तर मॅनेजर म्हणाला की बजेट संपलं. त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या केबिनला वाळ्याच्या ताट्यांचा नवा कूलर बसला. वऱ्हाडातल्या माणसाला उकाडा होतो हे वऱ्हाडातल्या माणसाला बरोबर कळतं. पण लोखंडी पेटीलाही उकाडा होतो असं म्हटलं की तो तुमच्याकडे डोक्यावर परिणाम झाल्यासारखा पाहतो.

मशीन जोडायला अकोल्याहून इंजिनिअर आला होता. मूळचा पुण्याचा. माझ्या तोंडून "मले" ऐकलं की त्याच्या ओठाचा कोपरा हलायचा. पण जाताना त्याने एक गोष्ट कामाची सांगितली. मशीनच्या पाठीमागे एक छोटा पंखा आहे, तो आतली गरम हवा बाहेर फेकतो. रोज सकाळी मशीन चालू केलं की मागे तळहात धरायचा. हवा लागली तर ठीक. नाही लागली तर लगेच बंद करायचं, नाहीतर आतलं सगळं जळेल. मी रोज सकाळी तळहात धरायचे. चपराशी काका दारातून पाहत असायचे, त्यांना वाटायचं बाई मशीनला नमस्कार करते, म्हणून तेही करायचे. मी सांगितलं की काका, हा नमस्कार नाही. ते म्हणाले, "असू द्या ताई, केला तं काही बिघडत नाही."

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशीनचं टेबल असं ठेवलं होतं की माझी खुर्ची भिंतीकडे आणि मशीनची पाठ दाराकडे. वायर आखूड होती, त्यामुळे दुसरीकडे ते फिरत नव्हतं. म्हणजे दारातून येणाऱ्या माणसाला दिसायची ती मशीनची पाठ, तिथल्या वायरी आणि तो पंखा. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतले सभासद यायचे, चपला काढायचे, दारात उभे राहून पाठीला हात जोडायचे आणि जायचे. पुढची बाजू, जिथे अक्षरं उमटतात, ती फार थोड्यांनी पाहिली. देवाच्या पाठीचं दर्शन घेऊन परत जाणारे भाविक मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

आणि मग नवरात्र आलं.

अध्यक्षांच्या मंडळीने मनात धरलं, की दसऱ्याची सभा निर्विघ्न पार पडावी म्हणून मशीनपुढे घटस्थापनेपासून अखंड दिवा ठेवायचा. त्या स्वतः आल्या, नऊवारी, नथ, मागे तेलाची बरणी घेतलेली मोलकरीण. मी म्हटलं, "काकू, या खोलीत तेल-काजळी नको. मशीनले धूर सोसत नाही."

त्या म्हणाल्या, "दसऱ्याले आपण नांगर पुजतो, तराजू पुजतो, ट्रॅक्टर पुजतो. हे काय परकं आहे का? का तुमच्या शिकेल लोकायले देव नाही चालत?"

ट्रॅक्टरला हार घातला तर ट्रॅक्टर मरत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. शिवाय मॅनेजर मागे उभा राहून डोळ्यांनी मला गप्प बसवत होता. दिवा ठेवला. कुठे, तर मशीनच्या पाठीमागे, टेबलाच्या दाराकडच्या कडेला, कारण दर्शनाला येणाऱ्यांना दिसायला हवा. वात लावली, सगळ्यांनी हात जोडले, आणि दिवा विझला.

पुन्हा लावला. पुन्हा विझला. अखंड दिवा पहिल्याच दिवशी विझणं म्हणजे केवढा अपशकुन, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. मोलकरीण म्हणाली, "माय, हे मशीन दिव्यावर फुंकर मारून राह्यलं." तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सगळ्यांत आधी खरी गोष्ट तिला कळली, पण त्यातून पुढे जे सुचलं ते कोणाला सुचायला नको होतं.

मी म्हटलं, दिवा माझ्या बाजूला ठेवू, इकडे हवा येत नाही. काकू म्हणाल्या, तिकडे वातीचं तोंड दक्षिणेला होतं, दक्षिण यमाची. मी म्हटलं, कोनाड्यात ठेवू. त्या म्हणाल्या, कोनाडा काय मशीन आहे? पूजा मशीनची आहे. मी म्हटलं, मग दिव्याला काच लावा, कंदिलासारखी. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी देवीला चष्मा लावायला सांगितला. शेवटी त्यांनी चपराशी काकांकडून एक पुठ्ठा मागवला, मशीनच्या मागच्या भोकाएवढा कापला, त्यावर कुंकवाने स्वतःच्या हाताने स्वस्तिक काढलं, आणि कणकेच्या खळीने तो पंख्यावर चिकटवून टाकला. पंख्याचा आवाज एकदम बदलला. आधी घरघर होती, आता कोंडलेली घुसमट. दिवा मात्र शांत जळायला लागला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

साधा पुठ्ठा असता तर मी दुपारीच काढून फेकला असता. पण त्यावर स्वस्तिक होतं, अध्यक्षांच्या मंडळीच्या हातचं, नवरात्रातलं. स्वस्तिक फाडणारी बाई कायम होत नाही एवढं मला कळत होतं. विनोद असा, की मशीन जळलं तरी मी कायम होणार नव्हते. पुठ्ठा ठेवला तरी गेले, काढला तरी गेले. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते असं.

मॅनेजरकडे गेले. हा माणूस बी.कॉम. होता आणि त्याची तो दर वाक्याला आठवण करून द्यायचा. त्याला सगळं नीट सांगितलं, की ते मशीनचं नाक आहे, नाक दाबलं तर तोंड उघडेल असं नाही, मरेल. तो म्हणाला, "मले समजते हो ताई. पण दसऱ्यापर्यंतच तं आहे." मी म्हटलं, मग तुमचा टेबलफॅन द्या, मी मशीनवर सोडते. तो टेबलफॅनच्या वाऱ्यात बसला होता, समोरच्या कागदांवर दगड ठेवलेले. थोडा वेळ त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "मग मी काय करू?"

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ऑक्टोबरचा उकाडा, खोलीत पडदा, तेलाचा वास, आणि माझा एक हात कायम मशीनच्या पत्र्यावर. तापलं की बंद, निवलं की चालू. अर्धा वेळ मशीन बंदच ठेवायचे आणि दारातून कोणी डोकावलं की चालू असल्यासारखी बोटं हलवायचे. पुठ्ठ्याचा एक कोपरा मी नखाने सोडवायचे, म्हणजे थोडी हवा जायची. दिव्याची ज्योत लगेच थरथरायची आणि चपराशी काका धावत येऊन कोपरा थुंकीने परत दाबायचे. दिवा सांभाळायचं काम त्यांच्यावर होतं. "ताई, वात विझली तं पाप माह्या डोक्यावर," ते म्हणायचे. मशीन विझलं तर पाप कोणाच्या डोक्यावर, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही अजून कोणी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळीच सभा ठेवली होती, कारण सोनं द्यायला सगळे येतातच, वेगळं बोलवायची गरज नाही. आदल्या दिवशी मी अध्यक्षांना हात जोडून सांगितलं, की मशीन छापायच्या वेळीच चालू करू. ते म्हणाले, "बंद मशीनचं दर्शन कोणी घेते का, बाई? दिवा जळून राह्यला अन् देव झोपेल, असं कसं?" मी पहिल्या एसटीने पोचताच त्यांनी ते माझ्याकडून चालू करून घेतलं. मग रांग लागली. सभासद चपला काढून येत होते, आपट्याची पानं मशीनच्या डोक्यावर ठेवत होते, जात होते. थोड्या वेळात वरचा पत्रा पानांनी झाकून गेला. मी पानं बाजूला करायचे आणि पुढचा माणूस परत तिथेच ठेवायचा. हात लावला तर पत्रा चटका देत होता.

कार्यक्रम असा होता, की प्रत्येक सभासदाला त्याने घातलेल्या बियाण्याची पावती मशीनवर छापून मिळणार. नाव इंग्रजीत येणार होतं. इंग्रजी वाचता येणारे तिथे चार जण असतील नसतील, पण आपलं नाव आपल्याला वाचता येत नाही याचाच लोकांना मोठा मान वाटत होता. पहिली पावती अध्यक्षांची. प्रिंटर करकरला, कागद बाहेर आला, टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी तो उलटा धरून सगळ्यांना दाखवला. दुसरी पावती निम्मी बाहेर आली आणि थांबली. जळक्या रबराचा वास आला, मशीनचा पडदा काळा झाला, आणि मशीनच्या आतून बारीक टक असा आवाज येऊन सगळं गप्प झालं. दिवा जळत होता.

मग अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "लाईट गेली."

सगळ्यांनी वर पाहिलं. सभासद बसले होते त्या दाराबाहेरच्या हॉलमध्ये छताचा पंखा गरगर फिरत होता. सगळ्यांनी खाली पाहिलं. मोठ्या माणसाने लाईट गेली म्हटलं की फिरत्या पंख्याखाली बसून घामाघूम व्हायची आमच्याकडे रीत आहे. लोकांनी एकमेकांना सोनं दिलं आणि घरी गेले.

इंजिनिअर अकोल्याहून आला. मशीन मागून पाहिलं, स्वस्तिक पाहिलं, आणि त्याच्या ओठाचा कोपरा हलला. यावेळी मला राग आला नाही, हसण्यासारखंच होतं. त्याने पुठ्ठा सोलून काढला. आत काजळी, कुंकू आणि खळ यांचा थर होता, पंख्याची पाती बोटाने ढकलली तरी फिरेनात. वीज देणारा आतला डबा जळून काळा झाला होता. त्याने पुठ्ठा हातात धरून अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष पुठ्ठ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या मंडळीने आपल्या हाताने काढलेलं स्वस्तिक त्यांनी नक्की ओळखलं. वर्षभराच्या देखभालीचं काम त्याच संस्थेकडून मिळायचं होतं, हे इंजिनिअरलाही ओळखता येत होतं.

"साहेब," तो म्हणाला, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम झाला."

अध्यक्ष म्हणाले, "मी तवाच म्हटलं होतं. लाईटच."

शिकलेल्या माणसाबद्दल माझ्या मनात जो काही आदर उरला होता तो त्या दिवशी जाजमावर सांडला. पण चला, मी म्हटलं, व्होल्टेज तर व्होल्टेज. व्होल्टेज माझ्या हातात नाही, म्हणजे दोष माझा नाही. खोलीच्या मालकिणीला मी पुढच्या महिन्यात येते असं सांगून आले.

तसं व्हायचं नव्हतं. कारण व्होल्टेजवर अध्यक्षांचं भागलं, तरी काकूंचं भागेना. त्यांचा हिशोब सरळ होता. दिवा विझला नाही, पूजा चुकली नाही, दक्षिणेला तोंड झालं नाही, तरी देवीने मशीन नेलं. म्हणजे कोणीतरी विटाळ केला. पाळीतल्या बाईने अखंड दिव्याजवळ वावरायचं नाही हे लहान पोरालाही कळतं, आणि त्या खोलीत रोज दिवसभर बसणारी बाई एकच होती. मोताळ्याच्या बाजारात ही गोष्ट माझ्याआधी पोचली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. त्या संन्याशाला निदान धोतर तरी होतं, इथे संन्यासी म्हणजे एक बाई.

मॅनेजरने मला बाजूला बोलावलं. त्याला बोलता येत नव्हतं, टेबलावरचा दगड तो एका कागदावरून दुसऱ्यावर ठेवत होता. "ताई, उद्या संचालकांची बैठक आहे. तुम्हाले कायम करायचा ठराव मी लिहून ठेवेल आहे. अध्यक्षायची ना नाही. फक्त घरच्यायचं समाधान झालं पाहिजे. तुम्ही एवढंच म्हणा की हो, ध्यानात नाही राह्यलं. मग नारळ फोडू, गोमूत्र शिंपडू, अन् झालं. कोणी पुन्हा विचारणार नाही."

"अन् मी बाहेरची नव्हतीच तं?"

"ते कोण पाह्यते, ताई?" तो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याने ते प्रेमानेच सांगितलं. त्याला मला नोकरी द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. लांब टेबल, दोन्ही बाजूंनी टोप्या, चहाचे कप. सगळे टेबलाच्या लाकडाकडे पाहत होते, जसं काही त्यावर काहीतरी लिहिलं आहे. अध्यक्ष म्हणाले, "बाई, मॅनेजर तुमच्याशी बोलले आहेत. तुम्हाले काही सांगायचं आहे का?"

एक हो. एवढंच म्हणायचं होतं. नळ दारात असलेली खोली, कुलूप, राजूर घाटाच्या फेऱ्या बंद, सगळं त्या एका हो पलीकडे होतं. मला ते दिसत होतं. आणि मला त्या टोप्यांचा इतका तिटकारा आला होता, की माझ्या तोंडून निघालं, "सांगायचं आहे. माझी पाळी सर्वपित्रीच्या आधीच येऊन गेली होती. घट बसले तेव्हा मी मोकळी होते, दसऱ्यापर्यंत मोकळीच होते. विटाळ मी नाही केला. मशीनच्या नाकावर पुठ्ठा तुमच्या घरच्यायनं लावला, आणि तुम्ही सगळ्यायनं तो पाह्यला."

कोणाच्या तरी हातातला कप बशीवर जोरात टेकला. एक म्हातारे संचालक कानावर हात ठेवून बसले. बाकीचे सगळे छताच्या पंख्याकडे पाहायला लागले. अध्यक्ष कोणाकडेच न पाहता म्हणाले, "ठीक आहे. जा तुम्ही."

ठराव झाला नाही. मशीन बिघडल्यामुळे ऑपरेटरची आवश्यकता नाही, असं मला सांगण्यात आलं. नंतर चपराशी काका बसस्टँडपर्यंत आले आणि म्हणाले की ताई, मशीनचं तं ते विसरले असते. पण बाईनं एवढ्या माणसायच्या पुढं असं बोलावं, ते नाही विसरणार. त्यांना वाईट वाटलं होतं, पण माझ्याबद्दल की त्या माणसांबद्दल, ते मला नक्की कळलं नाही.

घाट चढताना एसटीत मी ताठ बसले होते. मला वाटत होतं मी जिंकले. एवढ्या टोप्यांना मी छताकडे पाहायला लावलं होतं. घरी गेले, वहिनी तव्यावर भाकर टाकत होती, आणि मी तिला सगळं अगदी रंगवून सांगितलं. अध्यक्ष कसे बोलले, मी काय बोलले, कप कसा आदळला. मला वाटलं ती हसेल. अशा गोष्टीला आम्ही दोघी नेहमी हसायचो.

ती हसली नाही. भाकर उलटली आणि म्हणाली, "तू हो काऊन नाही म्हटलं?"

मी म्हटलं, "लबाड काऊन बोलू? मी नव्हतीच बाहेरची."

"नव्हती तं नव्हती. कोण पाह्याले येत होतं?" तिने भाकर चुलीतल्या आरावर शेकायला लावली. "दर महिन्याले आपण खरंच सांगतो ना? खरं सांगून परसात बसतो, वरून टाकेल भाकर झेलतो. त्याचं आजवर कोणी काही दिलं का आपल्याले? एक डाव लबाड सांगितलं असतं तं तुले खोली भेटत होती."

तिने ताट पुढे सरकवलं, मी जेवले. मोताळ्याची खोली पुढच्या महिन्यात कोण्या मास्तराने घेतली. मी पुढची कितीतरी वर्षं त्याच घरात राहिले, आणि दर महिन्याला खरं सांगून परसात बसत राहिले.